भाव उतरेपर्यंत

६ ऑक्टोबर, सोमवार

ग्रेस टोलेंटिनो म्हणाल्या, रोज जे वाटेल ते वहीत लिहा, कुणी वाचणार नाही. त्या सिअ‍ॅटलच्या इस्पितळात असतात. अवयव देणाऱ्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. घेणाऱ्यासाठी वेगळी माणसं आहेत.

वही आणली आहे तर पहिल्या पानावर नाव घालतो. ओरिन ब्रेके, वय सत्तावन्न, खाटिक, मायनॉट, नॉर्थ डकोटा. धाकटी बहीण मार्लिस एव्हरेटला राहते, सिअ‍ॅटलच्या जरा अलीकडे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. गेली तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझी किडनी तिला जुळते. डावी द्यायची ठरली आहे. ऑपरेशन ४ नोव्हेंबरला होतं, पण तो हरणांच्या शिकारीचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी २ डिसेंबर मागून घेतला. मार्लिस म्हणाली, चालेल.

विमानात मी बसत नाही. ऑगस्टात तपासण्यांना आगगाडीने गेलो होतो, खुर्चीत बसून, सव्वीस तास. पाठ अशी आखडली की आठवडाभर दुकानात जनावराच्या मांडीचा तुकडा उचलता येईना. या वेळी स्लीपरची खोली घ्यायची, दार लावून आडवं व्हायचं. शेवटच्या रक्ततपासणीसाठी २५ नोव्हेंबरला तिथे हवं.

आजचा भाव ६१८ डॉलर. जास्त आहे. थांबतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्टेशनवर जाऊन आलो. तिकिटाच्या खिडकीत डेल्बर्ट आझूर असतो. दर शरद ऋतूत आपलं हरीण कापायला माझ्याकडेच आणतो, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो. त्याने समजावलं की खोल्यांच्या भावाला पायऱ्या असतात. खोल्या भरत जातात तसा भाव पायरी चढतो, कुणी रद्द केलं की उतरतो. सगळ्यात खालची पायरी ४१२ ची.

"पण ती दिसली की घ्यायची," तो म्हणाला. "विचार करायला घरी जायचं नाही. घरी जाणाऱ्याला ती परत सापडत नाही."

"मी कशाला घरी जातोय," मी म्हटलं.

आजचा भाव ६१८.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

५५४. मंगळवारी उतरतो म्हणतात ते खरं असावं. पुढच्या मंगळवारी अजून उतरेल.

झोप नीट लागत नाही. दुपारनंतरची कॉफी बंद केली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

एक युक्ती सापडली. दिवसा वाटेतल्या हाव्हर स्टेशनपर्यंत साध्या खुर्चीत बसायचं आणि खोली फक्त तिथून पुढच्या रात्रीपुरती घ्यायची. सगळं मिळून ४८९. बराच वेळ संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलो. मग वाटलं, हाव्हरला सामान उचलून डबा बदलायचा, आणि येताना पोटाला टाके. येतानाचा प्रश्न वेगळा, हे खरं आहे. तरी नको वाटलं.

संध्याकाळी मार्लिसचा फोन आला.

"तिकीट काढलंस?"

"बघतोय. भाव उतरायची वाट बघतोय."

"अरे, दात्याचं भाडं इस्पितळाचा निधी देणार आहे. तुला कागदसुद्धा पाठवलाय त्यांनी."

"दुसऱ्याचा पैसा म्हणून काय उधळायचा?"

ती म्हणाली, "बरं. बघ तुझ्या सोयीने."

आवाज थकलेला होता. डायलिसिसच्या दिवशी असतोच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

५५४ चा परत ६१८ झाला आणि आज ७३३. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सगळा देश घरी जायला निघतो. हे लक्षात यायला हवं होतं. डेल्बर्ट म्हणतो, अजून रद्द होतील, लोक ऐनवेळी बेत बदलतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल दुपारी बारा वाजता हंगाम सुरू झाला. संध्याकाळपर्यंत अकरा हरणं आली, आज एकोणीस. दुकानात माझ्या मदतीला असलेली वर्ना पाकिटं बांधते आहे. सत्तर वर्षांची आहे, पण कागदाची घडी अजून सुरीच्या पात्यासारखी.

एका शिकारी पोराने आपल्या हरणाची आतडी काढून आणली होती पण गुर्दे तसेच पाठीला चिकटलेले होते. चरबीत बोटं घालून मी डावा सोडवला. हे मी किती हजार वेळा केलं असेल. सुरी लागतच नाही, अंगठ्याने पडदा सोलला की आपसूक हातात येतो. फक्त एक शीर आणि एक धमनी, त्या सांभाळायच्या. धमनीत हात चुकला तर मेलेल्या जनावराचं काही बिघडत नाही.

तो हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"त्याच्याशी बोलतोयस का?" वर्नाने विचारलं.

"वजन बघतोय."

"वजनकाटा तिकडे आहे." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ओरिन, तू जरा बस. तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय."

तळघरात थंडी फार आहे. हीटर बघायला हवा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दहाला डेल्बर्टचा फोन. "४१२. २३ तारखेची खोली. कुणीतरी आत्ताच रद्द केली. फोनवर कार्डाचा नंबर सांग, करून टाकतो."

मी म्हटलं, हात रक्ताने भरलेत, जेवणानंतर येतो.

"नंबर तोंडाने सांगायचाय, ओरिन. हाताने नाही."

"पाकीट वर आहे. येतो मी."

जेवणानंतर दोन माणसं बर्फाच्या पेटीतून रानरेड्याचं मांस घेऊन आली, त्यांना नाही म्हणता येईना. स्टेशनवर पोचलो तेव्हा पावणेचार. भाव ८४७. नशीब म्हणतात ते हेच. महिनाभर राखण केली आणि नेमकी आज वेळ मिळाली नाही.



१७ नोव्हेंबर, सोमवार

आता लिहायलाच हवं.

ग्रेसबाईंना फोन केला. तिकीट मिळत नाही म्हणून सांगायला केला होता. त्या म्हणाल्या, तिकीट आम्ही काढतो, कुठल्याही भावाने, आज. मग माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

त्या म्हणाल्या, "मिस्टर ब्रेके, ऑगस्टात तुम्हाला सांगितलं होतं ते आठवतं? शेवटच्या मिनिटापर्यंत तुम्ही नको म्हणू शकता. आम्ही कारण विचारत नाही आणि तुमच्या बहिणीला सांगतही नाही. दाता म्हणून योग्य नाहीत, एवढंच सांगतो."

"समजा कुणी असं म्हणालं, तर तिला कळत नाही?"

"आमच्याकडून नाही." मग हळूच विचारलं, "तुम्ही समजा म्हणताय, की मला सांगताय?"

भिंतीवर करवत टांगलेली आहे. मी तिचे दात मोजत होतो.

"सांगतोय," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. काळजी घ्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर जेवलो, पोटभर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मार्लिसचा फोन.

"कळलं मला," ती म्हणाली. "ऐक, तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. मी यादीवर आहे, कुणाची तरी मिळेल. मला हे सांग, काय निघालं?"

"काय म्हणजे?"

"तपासणीत. ऑगस्टात सगळं ठीक होतं आणि आता अचानक योग्य नाही. ते मला सांगेनात. ओरिन, कॅन्सर आहे का?"

मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

"तू आईसारखाच. आईलाही तसं काही नव्हतं, पार शेवटच्या महिन्यापर्यंत."

मी म्हटलं, खरंच नाही, थोडा रक्तदाब. ती रडायला लागली. तीन वर्षांत मी तिला स्वतःसाठी रडताना ऐकलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ती इथे यायला निघाली आहे.

शनिवारी डायलिसिस उरकून संध्याकाळी एव्हरेटला गाडीत बसणार, रविवारी रात्री इथे. सोमवारी सकाळच्या गाडीने परत, म्हणजे मंगळवारी दुपारच्या डायलिसिसला हजर. "तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही," म्हणाली. मी म्हटलं, वेडी आहेस का, या दिवसांत, तुझ्या अंगात हे असं असताना. शिवाय स्लीपरची खोली मिळणार नाही.

"मिळाली. जाता-येता दोन्ही."

"कितीला?"

"मी नाही बघितलं," ती म्हणाली. "बटण दाबलं."

फोन करून खरं सांगायला हवं. उद्या करतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ हरणं. फोन केला नाही. दोनदा उचलला.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी सहा वाजता डेल्बर्टचा फोन. माँटानाच्या डोंगरात रुळांवर बर्फाचा कडा आणि झाडं कोसळली आहेत, गाडी पहाटेपासून उभी आहे. कधी सुटेल सांगता येत नाही.

मार्लिसचा फोन लागत नाही. डोंगरात सिग्नल पोचत नसणार.

तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. एक डायलिसिस चुकलं की पाणी फुफ्फुसात चढतं, आणि रक्तात जे साठतं त्याने हृदय थांबतं. हे तिने मला तीन वर्षांपूर्वी हसत हसत सांगितलं होतं. गाडी आज रात्री सुटली तरी सकाळची परतीची गाडी चुकणार. म्हणजे मंगळवार चुकणार. आणि गाडी दोन दिवस सुटलीच नाही तर?

मी लिहितोय कारण हाताला काहीतरी काम हवं. इतकी भीती मला कधीच वाटलेली नाही. गेला महिनाभर मला भीती वाटत नव्हती, हे आता कळतंय. भीती ही असते.

मी तिला त्या डोंगरात बसवलं आहे. बर्फाने नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवसांचं एकदम लिहितो.

काल दुपारी सव्वाएकला गाडी आली. सकाळपासून मी स्टेशनच्या बाकावर होतो. डेल्बर्ट खिडकी बंद करून फलाटावर माझ्याबरोबर उभा राहिला. मार्लिस उतरली ती दांड्याला धरून. घोटे इतके सुजलेले की बुटांच्या नाड्या सोडलेल्या. पायरी उतरल्या उतरल्या तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून बघितली, गुरांच्या डॉक्टरसारखी.

"जाड झालायस," ती म्हणाली.

इथल्या किडनी केंद्राला मी सकाळीच फोन केला होता. एव्हरेटच्या नर्सने कागद पाठवले आणि चार वाजताची खुर्ची मिळाली. मी कधी पाहिलं नव्हतं. हातात दोन जाड सुया, आणि रक्त बाहेर पडून नळीतून फिरतं. माणसाच्या रक्ताचा रंग जनावराच्या रक्तासारखाच असतो. ती मासिक चाळत होती.

"मार्लिस," मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही."

"रक्तदाब म्हणालास ना."

"तोही नाही. तपासणीत काहीच निघालं नाही. मीच नको म्हटलं."

तिने मासिक मिटलं.

"कधी?"

"सतरा तारखेला."

"म्हणजे मी तिकीट काढलं तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"डोंगरात होते तेव्हाही."

"हो."

तिने नर्सला हाक मारून आणखी एक पांघरूण मागितलं. हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, डोळे मिटले. अडीच तास उरले होते. मी बसून राहिलो. जा म्हणाली नाही आणि थांब म्हणाली नाही.

रात्री जेवली नाही. आज सकाळी स्वयंपाकघरात मी अंडी करत होतो तेव्हा पाठीमागून म्हणाली, "खाटिक आहेस तू."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मग मी बोललो. कधी नाही इतकं. भूल दिलेलं अंग टेबलावर कसं पडलेलं असेल ते मला दिसतं, म्हटलं. कुठे कापतील, आत हात घालून काय बाजूला करतील, कुठली धमनी, ती सुटली तर किती सेकंद. इतरांना माहीत नसतं म्हणून ते सही करतात. माझ्या हातांना सगळं पाठ आहे. अंडी करपली.

तिने खुर्ची ओढली. "नको म्हणालास याचा मला राग नाही. गाडीत पूर्ण रविवार मी तुझ्या मरणाची तयारी केली. कुठला पाद्री, कुठलं भजन, दुकान कुणाला विकायचं. त्याचा राग आहे, आणि तो बरेच दिवस राहणार आहे."

"हो."

"आणि भीती वाटते म्हणाला असतास तर काय झालं असतं? तीन वर्षं मी एकटीच भितेय. सोबत झाली असती."

पावणेनऊची गाडी वेळेवर आली. चढताना ती म्हणाली, "आता माझी दया येऊन निघू नकोस. येणार असलास तर ये, पण माझ्यासाठी म्हणून नको." दार लागलं. डेल्बर्टने बॅग आत दिली होती, तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"बहीण?" त्याने विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. वर्नाकडे जेवायला गेलो. तिला सगळं सांगितलं. तिने पानात टर्कीचा आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याला दात काढायलासुद्धा चार माणसं धरायला लागायची. भित्रा होता मेला. पण चारही माणसं तो स्वतःच बोलावून आणायचा."

१ डिसेंबर, सोमवार

ग्रेसबाईंना फोन केला. उद्या ऑपरेशन झालं असतं.

परत यायचं आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. बहिणीने दबाव आणला का, विचारलं. ती रडली का, ओरडली का. मी म्हटलं, तिच्यासाठी म्हणून येऊ नको असं तिनेच सांगितलंय.

"भीती गेली?"

"नाही. खूप वाटते."

"मग हे ऑक्टोबरात का नाही बोललात?"

"तेव्हा मी भाव बघत होतो."

त्या हसल्या नाहीत. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा बोलू, मग डॉक्टरांची समिती ठरवेल, म्हणाल्या. आणि तोपर्यंत मार्लिसला काही सांगायचं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

समिती हो म्हणाली. मंगळवार, १३ जानेवारी. मार्लिसला मीच फोन केला. पलीकडून पाण्याचा नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. मग तिने तो बंद केला आणि विचारलं, "कॉफी पितोस ना अजून, की सोडलीस?" आम्ही कॉफीवर दहा मिनिटं बोललो.

तडक स्टेशनवर गेलो. ५ जानेवारीची खोली, ७३३.

"एक-दोन दिवस थांब," डेल्बर्ट म्हणाला. "सणानंतर हमखास उतरतो."

"आजच दे."

५ जानेवारी, सोमवार, गाडीत

खोली कपाटाएवढी आहे. समोरासमोर दोन खुर्च्या, त्यांचाच पलंग होतो. दाराला आतून कडी. डब्यातल्या बाईने पलंग घालून दिला आणि जेवण इथेच आणू का विचारलं. इथेच म्हटलं, चार लोकांसमोर बसायचं नव्हतं.

हाव्हर गेलं. डोंगर लागले की पाहणार नाही असं ठरवलं होतं, पण पाहिले. मार्लिस अडकली होती ती जागा कुठली ते कळलं नाही. सगळीकडे सारखाच बर्फ.

मला वाटलं होतं आडवं झाल्यावर बरं वाटेल. वाटत नाही. आडवं झालं की टेबल आठवतं. मी बसूनच रात्र काढतोय, ७३३ डॉलरच्या पलंगावर.

१२ जानेवारी, सोमवार

उद्या सकाळी सहाला. मार्लिस शेजारच्या खोलीत आहे. मघाशी येऊन पलंगाच्या काठावर बसली. दोघांच्याही मनगटाला नावाच्या पट्ट्या.

"भीती कितपत?" तिने विचारलं.

"पळून जाईन इतकी."

"मलाही."

ती बराच वेळ बसली.

१७ जानेवारी, शनिवार

चार दिवसांनी पेन धरतो आहे. अक्षर वेडंवाकडं आहे. हसलं की दुखतं, खोकलं की जास्त दुखतं. चिरा छोट्या आहेत, मी याहून सुबक घातल्या असत्या असं मनात आलं, कुणाला बोललो नाही.

किडनी जोडल्या जोडल्या टेबलावरच चालू झाली म्हणे. मार्लिसचा चेहरा चौथ्या दिवशी गुलाबी झाला आहे. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला, कारण तो रंग मी विसरलो होतो. आज दुपारी तिने उकडलेला बटाटा खाल्ला, नुसता, मीठसुद्धा न लावता. डायलिसिसच्या पथ्यात तीन वर्षं बटाट्याला बंदी होती. डोळे मिटून सावकाश खाल्ला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग चाकांच्या खांबांना लटकवलेल्या सलाईनच्या पिशव्या ढकलत आम्ही दोघं व्हरांड्यातून चाललो, म्हाताऱ्या नवरा-बायकोसारखे.

"परतीची गाडी कधीची?" तिने विचारलं. "वर्नाला कळवायला हवं ना, दुकानाचं."

"परतीचं काढलं नाही."

"का?"

"भाव..." म्हणालो आणि थांबलो. कारण परतीचा भाव मी बघितलाच नव्हता. डेल्बर्टने विचारलं होतं की नाही तेही आठवेना. सगळ्या वहीत जायचेच आकडे आहेत, यायचा एकही नाही, हे मला तिथे, त्या व्हरांड्यात, कळलं.

मार्लिस थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्याआधी कळलं असावं.

"असा आलास तू, परत जायचं न धरता?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने आपला खांब भिंतीला टेकवला आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली. एक नर्स बाजूने गेली.

मग मार्लिसने झग्याच्या खिशातून फोन काढला आणि मायनॉटची गाडी शोधायला लागली.

"खिडकी डावीकडची की उजवीकडची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कुठलीही.